पैठणीवरचा दोन तोंडांचा मोर

हे सगळं सुरू झालं एका पोरीच्या प्रश्नावरून. मी लातूरच्या एका कॉलेजात सीएचबीवर फिजिक्स शिकवते, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेतला तर पैसे नाहीतर नाही, आणि घेतलेल्या तासांचे पैसे कधी येतील ते विचारायचं नाही. थर्ड इयरला ब्रॅगचा नियम शिकवत होते, फळ्यावर तेच नेहमीचं, 1912 ला लाउए, 1913 ला ब्रॅग बापलेक, स्फटिकाच्या थरांवरून एक्स-रे कसे उसळतात वगैरे. तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणली, मॅडम, एवढा खटाटोप कशाला, एक्स-रेला लेन्स लावून सरळ मायक्रोस्कोपसारखा फोटो का काढत नाहीत? ह्याचं उत्तर मला येत होतं. काचेत एक्स-रे जवळजवळ वाकतच नाहीत, त्यामुळं साधी लेन्स कामाची नाही, आणि ज्या खास लेन्सा बनवतात त्या करायला अवघड आणि त्यांच्या बारीकपणाला मर्यादा. पोरगी गप बसली नाही. मग व्हायरसचा एक्स-रेनं फोटो काढला म्हणतात तो कसा काढला, त्याचा तर स्फटिक बी नव्हता?

मी म्हणलं उद्या सांगते. आणि ते उद्या सात महिने लांबलं.

एप्रिलअखेर तास संपले, घरी पंखा पण गरम हवा फेकतोय, आणि माझ्याकडं एक सेकंडहँड लॅपटॉप ज्याची बॅटरी वीस मिनिटं टिकते, दुकानदार म्हणला होता दोन तास. वाचायला बसले तेव्हा पहिल्यांदा कळलं की ह्या फोटोत लेन्सचं काम कॉम्प्युटर करतो. म्हणजे वस्तूवर एक्स-रे पाडायचे, ते विखुरतात, लांब ठेवलेल्या डिटेक्टरवर ठिपके-रेघांचा एक पॅटर्न पडतो, आणि त्या पॅटर्नवरून गणितानं मागं जाऊन वस्तू कशी होती ते काढायचं. लांबवरचा पॅटर्न म्हणजे वस्तूचं फूरिए ट्रान्सफॉर्म, म्हणजे चित्र बारीक-मोठ्या लाटांच्या बेरजेत फोडून मांडणं, हे आपण एमएस्सीला पाठ केलेलं असतं. मग उलटं ट्रान्सफॉर्म मारलं की झालं की, असं मला वाटलं. तिथंच गोची आहे.

डिटेक्टर फक्त फोटॉन मोजतो. लाट किती जोराची आली ते कळतं, पण ती आली तेव्हा चढावर होती का उतारावर ते कळत नाही. हे मी नंतर वर्गात विहिरीवरून सांगितलं, की विहिरीत दोन दगड टाकले आणि काठावर बसून पाणी कुठं किती हललं एवढंच वहीत लिहिलं, कुठल्या वेळेला वर होतं नि कुठल्या वेळेला खाली ते लिहिलंच नाही, तर मग दगड कुठं पडले ते कसं सांगणार. त्या न लिहिलेल्या गोष्टीला फेज म्हणतात, आणि ती परत मिळवायची म्हणजे फेज रिट्रीव्हल.

आता तुम्ही म्हणाल अर्धी माहिती तर आहे ना हातात, अर्धं चित्र तरी दिसेल. मला पण तसंच वाटलं. म्हणून एक प्रयोग केला जो कुणी पण घरी करू शकतं. आईच्या लग्नातल्या पैठणीच्या पदरावर मोर आहेत, त्यातल्या एका मोराचा मोबाईलवर फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाईट केला, काळ्या पार्श्वभूमीवर कापून ठेवला. दुसरा फोटो गावाकडच्या आमच्या बैलाचा, तेवढ्याच साईजचा. दोघांचं पायथनमध्ये फूरिए काढलं, आणि बैलाच्या लाटांची ताकद घेतली नि मोराची फेज घेतली, दोन्ही जोडून उलटं फिरवलं. आला कोण? मोर! धुरकट, कळकट, पण मोरच, बैलाचं नावनिशाण नाही. म्हणजे डिटेक्टर जे मोजतो त्यात चित्राचा चेहरा फारसा नसतोच, चेहरा सगळा त्या हरवलेल्या फेजमध्ये. तेव्हा मी जरा वेळ लॅपटॉप बंद करून चहा केला.

तरी लोकांनी हे सोडवलंय. 1952 ला डेव्हिड सेअर नावाच्या माणसानं एक छोटीशी नोंद लिहिली होती, की पॅटर्न जर पुरेसा बारीक मोजला तर फेज परत मिळायला पाहिजे. बारीक मोजणं म्हणजे काय, तर कॉम्प्युटरच्या भाषेत वस्तूभोवती भरपूर रिकामी जागा ठेवणं. माझा मोर 128 पिक्सेलचा असेल तर त्याला 512 च्या चौकटीत ठेवायचं, मग आपल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की मोराच्या बाहेर काहीच नाही. ह्या मोकळ्या रानाचीच सगळी ताकद आहे. वस्तू कुठंय ते माहीत नसलं तरी चालतं, कुठं नाही एवढं माहीत पाहिजे. मोकळ्या जागेनं वेढलेल्या, जिथं वस्तू असू शकते त्या आतल्या भागाला सपोर्ट म्हणतात.

मग पद्धत अशी की काहीतरी अंदाजाची फेज घ्यायची, चक्क रँडम आकडे, त्यानं चित्र काढायचं, चित्रात सपोर्टच्या बाहेर जे काही आलं असेल ते पुसायचं आणि आत कुठं उणे आकडा आला असेल तर तो पण पुसायचा कारण वस्तूची घनता उणे कशी असेल, मग परत फूरिए, तिथं फेज आपली ठेवायची पण ताकद मोजलेली बसवायची, परत उलटं, परत पुसायचं, असं हजार वेळा. हे मूळ 1972 चं गर्चबर्ग आणि सॅक्स्टन यांचं, ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवाले होते, आणि त्यांच्याकडं चित्राची आणि पॅटर्नची, दोन्हीकडची ताकद मोजलेली होती. सपोर्टवालं रूप जेम्स फिनअप यांचं, 1978 चं. कोड म्हणाल तर तीस ओळी. मी लिहिला, चालवला, आणि काहीच आलं नाही, नुसता भुगा.

पहिली चूक इतकी बावळट होती की सांगायला लाज वाटते, डिटेक्टर मोजतो ते ताकदीचा वर्ग असतो आणि मी वर्गमूळ घ्यायचं विसरले होते. चार वर्षं पोरांचे मार्क ह्याच चुकीला कापते मी.

वर्गमूळ घेतल्यावर भुग्यातून एक ढग आला आणि तिथंच अडकला. दोनशे फेऱ्या, पाचशे फेऱ्या, ढग तो ढगच. त्याचं कारण ही पुसण्याची साधी पद्धत फार आज्ञाधारक आहे, दरवेळी एरर, म्हणजे मोजलेल्याशी न जुळणारा फरक, थोडी कमी करते आणि पहिला जो खड्डा लागेल त्यात बसून राहते. फिनअपनीच 1982 ला त्याच्यावर तोड सविस्तर मांडली, हायब्रिड इनपुट-आउटपुट, सगळे एचआयओ म्हणतात. ह्यात सपोर्टच्या बाहेरचं सरळ शून्य नाही करत, मागच्या फेरीतल्या चित्रातून आत्ता आलेल्याचा एक हिस्सा वजा करतात. त्या हिश्श्याला बीटा म्हणायचं, साधारण 0.9 ठेवतात. म्हणजे काळ्या रानात बैलगाडी रुतली की नुसतं पुढं रेटून निघत नाही, थोडी मागं घ्यावी लागते, झोका द्यावा लागतो, तसं. ह्यात एरर मधेच वाढते पण, आणि आपल्याला वाटतं बिघडलं, पण बिघडलेलं नसतं.

एचआयओ लावलं आणि रात्री साडेअकराला स्क्रीनवर मोर उगवला. पिसारा आला, मान आली, चोच आली, मी ओरडणारच होते तेवढ्यात बघते तर शेपटीकडून अजून एक चोच निघालीय. उलटी. एका मोराला दोन तोंडं, एक वर डावीकडं बघतंय, एक खाली उजवीकडं. आई उठून आली, तिनं बघितलं आणि म्हणली, "असला मोर तर पैठणलाच काय, येवल्यात बी कुणी विणला नसल."

ह्याला ट्विन इमेज म्हणतात आणि हा ह्या धंद्यातला जुना रोग आहे. मोर आणि 180 अंशात फिरवलेला मोर, दोघांच्या पॅटर्नची ताकद अगदी एकसारखी येते, डिटेक्टरला दोघं सारखेच. मी सपोर्ट चौकोनी दिला होता, चौकोनात सरळ मोर पण बसतो आणि उलटा पण बसतो, मग बिचारा प्रोग्राम दोघांना निम्मी निम्मी जागा देऊन मोकळा. उपाय फार सोपा निघाला, दहा-वीस फेऱ्यांपुरता सपोर्टचा एक कोपरा कापून टाकायचा. तिरक्या जागेत एकच मोर बसतो, दुसऱ्याला तोंड लपवावंच लागतं, एकदा एक जिंकला की परत पूर्ण सपोर्ट द्यायचा. कधी सरळ जिंकतो कधी उलटा, ते आपल्या हातात नाही, उलटा आला तर चित्र फिरवून घ्यायचं.

जून उजाडला, कॉलेज सुरू झालं. आता मोर पुरे, खरा डेटा घ्यायचा असं ठरवलं. अमेरिकेत स्टॅनफोर्डजवळ एलसीएलएस म्हणून एक्स-रेचा लेसर आहे, 2009 पासून चालू आहे, त्याच्यावर एका मोठ्या टीमनं मिमीव्हायरसचे पॅटर्न घेतले आणि 2011 ला छापले. हा व्हायरस एवढा दांडगा आहे, कवचच साधारण 450 नॅनोमीटर, की आधी लोकांनी त्याला बॅक्टेरिया समजून ठेवून दिलं होतं, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातला, आणि 2003 ला कळलं की हा व्हायरस आहे. लेसरचा एक झटका फेम्टोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या कल्पनेपलीकडच्या बारीक तुकड्यांचा असतो, त्यात व्हायरसचा पार धुरळा होतो, पण धुरळा व्हायच्या आधी पॅटर्न डिटेक्टरवर पोचलेला असतो. एका व्हायरसचा एकच फोटो, परत नाही. हा डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. ज्या पोरीनं प्रश्न विचारला होता ती ह्याच फोटोबद्दल बोलत होती हे मला तेव्हा कळलं.

आता खऱ्या डेटात पैठणीसारखं सपोर्ट कापून ठेवलेलं नसतं, व्हायरस कसा दिसतो तेच शोधायचंय तर त्याची हद्द कुठून आणणार? त्यासाठी श्रिंकरॅप आहे, 2003 चं, मार्केसिनी आणि मंडळींचं, आणि मला विचाराल तर सगळ्यात डोकेबाज गोष्ट हीच आहे. पॅटर्नचं सरळ उलटं फूरिए घेतलं की वस्तूची स्वतःवरच सरकवलेली एक सावली मिळते, वस्तूच्या दुपटीएवढी, तिला हद्द समजून सुरुवात करायची. मग दर वीस फेऱ्यांनी आलेलं चित्र थोडं धूसर करायचं, जास्तीत जास्त उजेडाच्या 20 टक्क्यांखालचं कापून टाकायचं, उरलं ती नवी हद्द. धूसरपणा 3 पिक्सेलपासून हळूहळू दीड पिक्सेलपर्यंत आणायचा. हद्द आपोआप आक्रसत जाते, ओलं कापड अंगाला चिकटावं तशी.

आणि इथं मी अडकले ते जूनपासून सप्टेंबरपर्यंत. काय केलं नाही मी! बीटा बदलला, 20 टक्क्यांचं 15 केलं, 25 केलं. पॅटर्नचा मध्यबिंदू चुकला असंल म्हणून तो शोधला, ते पण एक प्रकरणच आहे, मध्य दोन-तीन पिक्सेल जरी सरकला तरी चित्रात अशी फेजची उतरण येते की उणे पुसायचा नियमच उलटा घात करतो, म्हणून पॅटर्न स्वतःच्याच फिरवलेल्या कॉपीवर ठेवून जिथं नीट जुळतो तो मध्य धरायचा. तेही केलं. तरी दर वेळी एक पोकळ कडं यायचं, कडेला उजेड, मधे काळं, आणि ते पण दर वेळी वेगळं. मधे लाईट जायची, बॅटरी वीस मिनिटांत राम म्हणायची, चारशे फेऱ्या पाण्यात. मग दर शंभर फेऱ्यांना फाईल सेव्ह करायची सवय लावली. संभाजीनगरला विद्यापीठात आमचे एक सीनियर आहेत, त्यांना फोन केला, ते म्हणले, "मॅडम, डेटात नॉईज असंल, दुसरा पॅटर्न घ्या." दुसरा घेतला. कडंच आलं.

सप्टेंबरात गावाकडं ढगफुटीसारखा पाऊस झाला, औसा तालुक्यात आमचं सोयाबीन आहे, काढणीला आलेलं, पार पाण्यात. अण्णांचा फोन आला, आवाज बसलेला. म्हणले, आपल्या मंडळातलं पाऊस मोजायचं यंत्र त्या रात्री बंद पडलं होतं. "मग काय नोंद लावली अण्णा?" तर म्हणले, "शून्य लावली. चोवीस तासात पासष्ट मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी, आन कागदावर तर शून्य. आता मोजलंच न्हाई तर मोकळं सोडावं का शून्य लिहावं, तूच सांग." मी काय सांगणार, हं हं करत राहिले, बांध फुटला का विचारलं, म्हशी कुठं बांधल्यात विचारलं, फोन ठेवला. आणि मग भाकरी थापता थापता हात थांबला.

एलसीएलएसचा तो डिटेक्टर दोन तुकड्यांचा आहे, मधून फट आहे, कारण न विखुरलेला मूळ झोत इतका जबरदस्त असतो की डिटेक्टर जाळून टाकेल, त्याला मधून जाऊ द्यावं लागतं. म्हणजे पॅटर्नच्या ऐन मध्यात काही मोजलेलंच नाही. आणि फाईलमध्ये त्या जागी शून्य होतं. आणि मी ते शून्य, मोजलेलं शून्य समजून, दर फेरीला इमानदारीत बसवत होते.

हात धुऊन लॅपटॉप उघडला. फूरिएच्या ऐन मधल्या आकड्याचा अर्थ काय, तर चित्रातल्या सगळ्या पिक्सेलची बेरीज. मी एका बाजूला प्रोग्रामला सांगत होते की सगळी बेरीज शून्य पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूला सांगत होते की एकही आकडा उणे नको. बिचारा करणार काय? बेरीज प्रिंट करून बघितली. ताकद बसवल्यावर दर फेरीला बेरीज शून्य, पुसल्यावर वाढायची, परत शून्य. तीन महिने मी त्याच्याशी भांडत होते आणि तो माझंच ऐकत होता.

दुरुस्ती एका ओळीची. एक मास्क करायचा, जिथं मोजलंय तिथं ताकद बसवायची, जिथं मोजलं नाही तिथं प्रोग्रामला जे वाटतंय ते तसंच राहू द्यायचं, मोकळं. काही ठिकाणी मध्यापलीकडच्या समोरासमोरच्या पिक्सेलवरून भर घालता येते, कारण असल्या साध्या वस्तूचा पॅटर्न दोन्हीकडं सारखा असतो, तेवढी घातली. ही मधल्या भोकाची दुखणी काही माझ्या एकटीची नाहीत म्हणा. 1999 ला मिआओ आणि सेअर वगैरेंनी पहिल्यांदा स्फटिक नसलेल्या वस्तूचा असा फोटो काढून दाखवला, सोन्याच्या ठिपक्यांची अक्षरं होती, 75 नॅनोमीटरपर्यंत बारकाई आली, तेव्हा त्यांचा पण मधला भाग मोजता आला नव्हता आणि तो त्यांनी साध्या मायक्रोस्कोपच्या फोटोवरून भरला होता. हे मी मे महिन्यातच वाचलं होतं, खाली पेन्सिलीनं रेघ पण मारली होती. वाचणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

मास्क लावल्यावर तिसऱ्या रनलाच कडं भरलं. एका रनवर मात्र विश्वास ठेवायचा नसतो, कारण रँडम सुरुवातीनुसार थोडं वेगळं येतं, म्हणून पन्नास वेळा वेगवेगळ्या सुरुवातीनं चालवायचं, आलेली चित्रं एकमेकांवर सरकवून, उलटी असतील ती फिरवून नीट बसवायची आणि सरासरी घ्यायची. जे पन्नासात तेच तेच येतं ते खरं, जे दरवेळी बदलतं ते सरासरीत आपोआप पुसलं जातं. हे रात्री लावून झोपायचे, सकाळी बघायचे, कधी लाईटनं दगा दिलेला. दिवाळीच्या आसपास पन्नास पूर्ण झाले.

आला तो एक धूसर षटकोन. कडा सरळ, आत उजेड सगळीकडं सारखा नाही, एका बाजूला जरा दाट. मूळ टीमनी 32 नॅनोमीटर बारकाई सांगितलीय, माझं त्यापेक्षा ओबडधोबडच आहे, आणि मध्ये अजून पण एक उतरण दिसते, ती त्या फटीचीच राहिलेली, तिथलं मोकळं सोडलं तरी मोकळ्या जागेची माहिती कुठून येणार.

दिवाळीनंतर वर्गात दाखवलं. ती पोरगी म्हणली, मॅडम, हे तुम्हीच बनवलेलं चित्र नाही कशावरून? चांगला प्रश्न होता, आणि ह्यावेळी उद्या सांगते म्हणले नाही. मोराचा पॅटर्न काढून, मध्यातलं तेवढंच भोक पाडून, तोच प्रोग्राम तिच्यासमोर चालवला, आणि मग मूळ फोटो बाजूला ठेवला. दोन तोंडांचा मोर पण दाखवला, त्याच्यावरच सगळे जास्त हसले.

संध्याकाळी अण्णांना फोटो पाठवला आणि फोन केला. ते हरभऱ्याला पाणी द्यायला रानात होते, रात्रपाळीची लाईट.

"बघितलं का अण्णा?"

"बघितलं. मधाच्या पोळ्याचं एक घर दिसलालंय."

"व्हायरस आहे तो. अमेरिकेत मोजलेला, आपल्या घरी काढलेला."

"आन ते मोजलंच न्हाई तिथलं काय केलंस?"

"मोकळं सोडलं."

"हां," म्हणले, मग मागून मोटरीचा आवाज आला. "लाईट आली बग, ठिव फोन."